पुसलेला मेल फायलीत उरतो तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या चुलतभावाचं छोटं मशीन शॉप आहे. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, दरपत्रकं, पर्चेस ऑर्डरी, सगळं ईमेलवर येतं. एका मे महिन्यात त्याचा फोन आला. "दादा, मोबाइलवर जागा नाही म्हणून जुने मेल काढले, तर कॉम्प्युटरवरचेपण गेले की! कचरापेटीपण रिकामी करून बसलोय."

मोबाइलवर एक प्रत, कॉम्प्युटरवर दुसरी, सर्व्हरवर (मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर) तिसरी, म्हणजे तीन बॅकअप झाले, असं तो धरून चालला होता. बरेच जण असंच धरून चालतात, म्हणून हे लिहितोय. आज बहुतेकांचा मेल आयमॅप पद्धतीने चालतो. १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ती रचली. तिच्यात मूळ पत्र सर्व्हरवर असतं आणि बाकी सगळीकडे दिसतं ते त्याचं प्रतिबिंब. एकीकडे पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. जुन्या पॉप पद्धतीत पत्र कॉम्प्युटरवर उतरायचं आणि सर्व्हरवरून बहुधा निघून जायचं. तिथे ती एकुलती डिस्क बिघडली की संपलं.

मी त्याला आधी एवढंच सांगितलं, नेटची वायर काढ आणि मेलचा प्रोग्रॅम उघडू नकोस.

कारण त्याच्याकडे थंडरबर्ड होतं. हा प्रोग्रॅम सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच साध्या मजकुराच्या फायलीत एकाखाली एक लिहीत जातो. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणारी ओळ आली की नवं पत्र सुरू झालं, एवढीच खूण. मेल पुसला तरी मोठ्या फायलीच्या मधून मजकूर लगेच कापला जात नाही. शेजारच्या वेगळ्या फायलीत मेलची यादी असते, तिच्यातून नाव जातं, पत्र जागेवर पडून राहतं. फाइल आवळली, म्हणजे 'कॉम्पॅक्ट' केली, की मगच ते खरं नाहीसं होतं, आणि हे काम प्रोग्रॅम आपण होऊनही करतो. म्हणून घाई.

आम्ही ती फाइल आधी पेनड्राइव्हवर घेतली. मग तिची प्रत थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये नव्या नावाने ठेवली, शेजारची यादीची फाइल मात्र सोबत घेतली नाही. यादी नाही म्हटल्यावर प्रोग्रॅमने अख्खी फाइल वाचून नवी यादी केली, आणि गेलेले बरेचसे मेल पुन्हा दिसू लागले. सगळे नाही. काही मोठी ड्रॉइंग या कॉम्प्युटरवर कधी उतरलीच नव्हती, ती गेलीच.

ड्रॉइंगांनी एवढी जागा का खाल्ली, हेही सांगण्यासारखं आहे. ईमेलची वाट मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी घातलेली. जोडलेली फाइल त्या वाटेने न्यायची तर तिचे दर ३ बाइट ४ अक्षरांत बदलावे लागतात. १५ एमबीचं ड्रॉइंग मेलमध्ये २० एमबीच्या पुढे जातं ते यामुळे.

मोठ्या कंपन्यांनाही खरा बॅकअप लागतोच. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांतले मेल दिसेनासे झाले. गूगलकडे अनेक डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण चूक त्या प्रतींपर्यंतही पोचली होती. शेवटी मेल परत आणले ते चुंबकीय टेपवरून, कारण टेप त्या साखळीच्या बाहेर होत्या.

भाऊ आता दर महिन्याला सगळे मेल एमबॉक्स फायलीत उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो, आणि काम झालं की डिस्क काढून घरी नेतो. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कडाडली की लावून ठेवलेल्या डिस्कचंही खरं नसतं. जीमेलवाल्यांना गूगल टेकआउट या, आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून अशीच फाइल मिळते.

पहिल्या महिन्याची डिस्क त्याने दाखवली तेव्हा मी ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायला लावली. मेल उघडला, ड्रॉइंगही उघडलं. भावाने टेबलावरचा फ्लँज उचलला, व्हर्नियर लावला आणि ड्रॉइंगमधलं माप ताडून पाहिलं.