परदेशी मिशनकार्यासाठी मुलीची पाठवणी: पार्श्वभूमी

अमेरिकेतील प्रॉटेस्टंट घरांनी मुलीला परदेशी मिशनकार्यासाठी निरोप देण्याचा इतिहास फेब्रुवारी १८१२ पासून सांगितला जातो. त्या महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदरातून कलकत्त्याला निघालेल्या जहाजावर दोन नवविवाहिता होत्या. एकीच्या वडिलांना होणाऱ्या जावयाने आधीच पत्र लिहून विचारले होते की, या जन्मी मुलीची पुन्हा भेट नाही हे पत्करून तुम्ही तिला जाऊ द्याल का. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला. दुसरी विधवा आईची अठरा वर्षांची मुलगी होती. कंपनी सरकारने हिंदुस्थानात राहू दिले नाही, आणि त्याच नोव्हेंबरात, नवजात बाळापाठोपाठ, ती मॉरिशसमध्ये वारली. तिची दैनंदिनी व पत्रे १८१४ साली छापली गेली आणि पुढे अनेक तरुणींनी ती वाचूनच याच वाटेने जाण्याचा निश्चय केला.

खरा वाद पुढे झाला, तो अविवाहित मुलीला पाठवावे की नाही यावर. मुंबईतील मिशनला मुलींच्या शाळा पाहण्यासाठी बाई हवी होती, कारण घरांतील स्त्रियांपर्यंत पुरुष मिशनरी पोहोचू शकत नव्हते आणि त्यांच्या पत्नी बाळंतपणे व आजारपणे यांतून मोकळ्या होत नव्हत्या. परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या बोस्टनच्या मंडळाने १८२७ साली तिशी ओलांडलेली एक अनुभवी शिक्षिका पाठवली. ती पुढे अहमदनगरला गेली आणि १८६२ साली तेथेच निवर्तली. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू करण्याआधी आपल्याकडील सुधारकाने नगरच्या ज्या शाळा पाहिल्या, त्या तिच्याच देखरेखीखालच्या होत्या. एवढा दाखला समोर असूनही मंडळाचे धोरण कित्येक दशके नाखुशीचेच राहिले. एकट्या बाईला संरक्षण कोण देणार, ती राहणार कोणाच्या घरी, असे आक्षेप घेतले जात. ते अगदीच निराधार नव्हते. पण लग्नाला पंधरवडाही न झालेल्या अठरा वर्षांच्या मुलीला समुद्रापार धाडताना ज्यांना संकोच वाटला नाही, त्यांनी प्रौढ शिक्षिकेच्या सुरक्षिततेची चिंता करावी, हे पटणारे नाही. मुलीच्या सोबत पती आहे, एवढ्यावर आईवडिलांची आणि मंडळाचीही समजूत निघत होती.

हे धोरण ठरवणारा चिटणीस १८६६ साली निवृत्त झाला आणि दोनच वर्षांत बोस्टनमध्ये स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ उभे राहिले. १८६९ साली मेथडिस्ट स्त्रियांनीही आपली संस्था काढली. आठवड्याला दोन सेंट अशा वर्गणीतून तिने त्याच वर्षी एक शिक्षिका व एक डॉक्टर उत्तर हिंदुस्थानासाठी रवाना केली, आणि जानेवारी १८७० मध्ये त्या मुंबईत उतरल्या. आता मुलींची निवड स्त्रियाच करत, खर्च स्त्रियाच उचलत, आणि पाठवलेल्या मुलीची पत्रे सभांमध्ये वाचली जात. निरोप देणाऱ्या आईमागे स्त्रियांचा एक समुदाय उभा राहिला.

सुएझ कालवाही १८६९ सालीच खुला झाला. आगबोटींमुळे चार महिन्यांचा प्रवास काही आठवड्यांवर आला, ठरावीक वर्षांनी मायदेशी रजेवर येण्याची पद्धत रुळली आणि कायमच्या ताटातुटीची धास्ती ओसरत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास रूढ झाला, गेल्या काही दशकांत दोन-तीन वर्षांच्या किंवा काही महिन्यांच्याच नेमणुका वाढल्या, आणि धक्क्यावर जमून स्तोत्रे गात दिला जाणारा निरोप रविवारच्या उपासनेत मुलीच्या मस्तकावर हात ठेवून केल्या जाणाऱ्या प्रार्थनेपुरता उरला.