वस्तऱ्याने स्वहस्ते दाढी

मुठीत मिटणाऱ्या, एकधारी, उघड्या पात्याने स्वतःची दाढी करण्याची रीत व तिचा अभ्यास. वस्तरा (उस्तरा) हे मुळात दुसऱ्याची हजामत करणाऱ्याचे हत्यार. आरशात पाहून ते स्वतःवर चालवताना डावे-उजवे उलटते, मनगट अवघड कोनात वळते आणि कातडी ताणायला एकच हात मोकळा राहतो. त्यामुळे न्हाव्याचे कसब आणि हे कसब यांत साम्य कमी आहे.

ऋग्वेदात (१०·१४२) जमीन जाळत जाणाऱ्या अग्नीला दाढी भादरणाऱ्या न्हाव्याची उपमा दिलेली आहे. अथर्ववेदात (६·६८) क्षौरविधीचे सूक्त असून त्यात क्षुराचा (वस्तऱ्याचा) उल्लेख आहे. या क्षुराच्या धातूविषयी सूक्तांवरून निर्णय करणे धाडसाचे ठरेल. डेन्मार्कमध्ये कांस्ययुगीन वस्तरे सापडले असून त्यांपैकी अनेकांवर नौकांची चित्रे कोरलेली आहेत. रोममध्ये वस्तरा इ. स. पू. सहाव्या शतकात तार्क्विनियस प्रिस्कस या राजाने आणला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. त्याचे मूळ बहुधा रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेल्या आख्यायिकेत आहे. तीत या राजासमोर एक शकुनवेत्ता वस्तऱ्याने धारेचा दगड कापून दाखवतो. ती दाढीच्या प्रसाराची साक्ष मानता येत नाही. रोमन लेखक प्लिनीने दिलेली माहिती अधिक विश्वसनीय वाटते : इटलीत न्हावी सिसिलीहून इ. स. पू. ३०० च्या सुमारास आले आणि रोज दाढी करण्याचा प्रघात रोमन सेनापती धाकट्या सिपिओने पाडला.

आज परिचित असलेल्या, मुठीत मिटणाऱ्या अरुंद वस्तऱ्याचा उगम सामान्यतः इंग्लंडमधील शेफील्ड येथे मानतात व त्यासाठी १६८० हे वर्ष सांगतात. पोलादाच्या दृष्टीने सु. १७४० हा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. मूळचे घड्याळजी असलेले बेंजामिन हंट्समन यांनी याच सुमारास मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार केले. हंट्समन स्वतः वस्तरे घडवत असत, हे विधान जपून घ्यावे. त्यांचे पोलाद वापरून इतरांनी घडवले, असे म्हणणे सुरक्षित. शेफील्डच्या कारागिरांनी हे पोलाद फार कठीण म्हणून आरंभी नाकारले आणि ते फ्रान्समध्ये खपू लागले. येथे मुंबईचा एक धागा जुळतो. मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दक्षिण भारतातील ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. त्यांवर जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जेम्स स्टोडार्ट या शस्त्रकाराने (धारेची हत्यारे घडवणाऱ्या कारागिराने) त्या पोलादाचे चाकूचे पाते घडवले. पुढे स्टोडार्ट यांनी मायकेल फॅराडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले (१८२०–२२). त्या धातूंचे काही वस्तरेही तयार झाले होते.

स्वतःची दाढी शिकवणारा पहिला महत्त्वाचा ग्रंथ पॅरिसमधील शस्त्रकार झां-झाक पेरे यांचा ‘पोगोनोतोमी’ (१७६९) हा होय. काही संदर्भग्रंथ १७७० हे वर्ष देतात, ते बहुधा नंतरच्या आवृत्तीवरून असावे. सुताराच्या रंध्यासारखे, पात्याला लाकडी आडोसा असलेले पेरे यांचे सुरक्षित हत्यार १७६२ चे असल्याचे वारंवार लिहिले जाते. ग्रंथाच्या सालाशी ते जोडणे अधिक योग्य वाटते. या ग्रंथाचे लांबलचक उपशीर्षक बोलके आहे. धारेचे दगड कसे पारखावेत आणि वस्तऱ्यासाठी चामडी कशी तयार करावीत, हे त्यात प्राधान्याने येते. शेवटी तर रक्तमोक्षणावर (उपचारासाठी शिरेतून रक्त काढण्यावर) एक टीपही जोडलेली आहे. हात कसा फिरवावा यापेक्षा धार कशी राखावी हेच शिकणे अवघड, ही पेरे यांची जाण आजच्या अनेक मार्गदर्शिकांत दिसत नाही.

पात्याच्या रुंदीचे माप इंचाच्या आठव्या भागांत देतात. नवशिक्याला ५/८ किंवा ६/८ इंच (सु. १६ ते १९ मिमी.) रुंदीचे, गोल टोकाचे पाते सोयीचे पडते, चौकोनी टोक कानाजवळ व नाकाखाली हमखास रुतते. दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले पाते (जर्मनीतील झोलिंगन येथील पाती यासाठी ख्यात आहेत, ‘झोलिंगन’ या नावाला तेथे १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे) धारेला सोपे, तर पाचरीसारखे भरीव पाते जड व दगडावर वेळखाऊ. वस्तऱ्याची जाड पाठ केवळ वजनासाठी नसते. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवतात, त्यामुळे धारेचा कोन आपोआप राखला जातो. तो साधारणपणे १६ ते १७ अंश असतो.

दगडावर पाजळण्याचे काम काही महिन्यांनी. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवणे मात्र प्रत्येक दाढीपूर्वी करतात. पाते पाठ पुढे ठेवून ओढायचे आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच पालटायचे. धारेवर पालटल्यास एका क्षणात धार दुमडते व पट्टाही कापला जातो. आधी कापडी बाजूवर २० ते ३० आणि मग चामड्यावर ४० ते ६० फेऱ्या असा सामान्य प्रघात आहे. पट्ट्याने नेमके काय घडते, याबद्दल एकमत नाही. जुन्या समजुतीप्रमाणे केसांमुळे धार वाकते व पट्टा ती सरळ करतो. एका दाढीनंतर वस्तऱ्याला एक-दोन दिवस ‘विश्रांती’ दिल्यास ती आपसूक सरळ होते, असेही सांगतात. धातुविज्ञानाच्या दृष्टीने हे दुसरे विधान टिकणे कठीण आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले, की पोलादाहून सु. ५० पट मऊ असलेला केसही विशिष्ट कोनात वाकला आणि धारेतील पोलादाची सूक्ष्मरचना असमान असली, तर तिचा बारीक टवका उडवू शकतो. तो अभ्यास आधुनिक ब्लेडसंबंधी होता. तरी धार बोथट होण्याचे कारण केवळ वाकणे नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. विश्रांतीपेक्षा पाते पुसून कोरडे ठेवणे अधिक उपयोगी, कारण साध्या कार्बनयुक्त पोलादाला ओल लागताच धारेवरच गंज चढतो.

प्रत्यक्ष दाढीचे तंत्र थोडक्यात असे : केस गरम पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवून दाट फेस लावावा. बिनपाण्याची हजामत वाक्प्रचारातच शोभते. पाते कातडीशी सु. ३० अंशांच्या कोनात, केसांच्या रोखाने, थोडेथोडे फिरवावे व दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. जोर देऊ नये. पाते धारेच्या लांबीच्या दिशेने आडवे सरकवणे सर्वांत घातक; जखमा बहुतेक तशाच होतात. सुरुवातीचे काही दिवस कल्ल्यांखालचे गाल तेवढे वस्तऱ्याने करून उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने आटोपतात. मग जबडा, गळा, वरचा ओठ आणि सर्वांत शेवटी हनुवटी असा क्रम रूढ आहे. उलटा हात (केसांच्या रोखाविरुद्ध) पहिल्या महिन्यात मारू नये. दोन्ही हातांनी वस्तरा धरायला शिकावे, हा सल्ला सरसकट दिला जातो. एकाच हाताने उत्तम दाढी करणारेही पुष्कळ आहेत.

नवशिक्याची आग, पुरळ व ओरखडे यांचे खापर सहसा हातावर फुटते. दोष बहुतेकदा धारेचा असतो. कारखान्यातून आलेले नवे पाते दाढीयोग्य असतेच असे नाही, आणि बोथट पात्यावर हात नकळत दाबला जातो. म्हणून पहिली धार जाणत्याकडून लावून घेणे इष्ट. बारीक कापल्यास तुरटी पुरते.

१९०३ मध्ये जिलेट रेझर बाजारात आला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तसे रेझर पुरवले गेले. त्यानंतर वस्तरा घरातून मागे पडला. भारतात तो केशकर्तनालयांत टिकला, पण हेपॅटायटिस बी व एचआयव्ही यांच्या भीतीने पोलादी पात्याची जागा दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवायच्या वस्तऱ्याने घेतली. महाराष्ट्रातील सलूनमध्ये आज वस्तरा म्हणजे बहुधा हाच. शिकाऊ माणसाने प्रथम तो वापरावा असे काहींचे मत आहे. तो हलका, स्वस्त व अतितीक्ष्ण असल्याने कोनातील चूक मुळीच खपवून घेत नाही. हाताला वळण लागते, मात्र पट्टा व दगड यांचा अभ्यास बाजूलाच राहतो.