कोच आणि मेंटर: दोघंही मार्गदर्शनच करतात, मग फरक कुठे पडतो?

"मला पर्सनल कोच व्हायचंय" असं कुणी म्हणालं की त्याला विचारून बघा, म्हणजे नेमकं काय करणार? बहुतेक वेळा उत्तर येतं की इतकी वर्षं काम केलं, बरे-वाईट दिवस बघितले, आता तो अनुभव लोकांना द्यायचाय. छानच आहे, पण हे कोचिंग नाही हो, हे मेंटरिंग. आणि मेंटरिंगमध्ये कमीपणाचं काहीच नाही, चांगला मेंटर मिळायला नशीब लागतं. घोळ पुढे होतो. हाच माणूस कोचिंगचा कोर्स करतो, प्रोफाइलवर 'कोच' लिहितो आणि तासाभराच्या सेशनमध्ये पाऊण तास स्वतःच बोलतो, समोरचा मान डोलावतो, "खूप छान वाटलं सर" म्हणतो आणि घरी जाऊन काहीही करत नाही.

तर फरक काय? मेंटरिंगमध्ये मेंटरचा अनुभव कामाला येतो आणि कोचिंगमध्ये समोरच्याचा स्वतःचा विचार. मेंटर त्या क्षेत्रात आधी काम केलेला असावाच लागतो, नाहीतर त्याच्याकडे जायचं कशाला. कोचला तुमचं क्षेत्र माहीत नसलं तरी चालतं, उलट कधीकधी बरंच असतं, कारण त्याला "अरे हे तर सोप्पंय" असं म्हणायचा मोह होत नाही. मेंटरशी नातं सैल असतं, वर्षानुवर्षं चालतं, लागेल तसा फोन करायचा. कोचबरोबर ठरावीक सेशन्स, ठरवलेलं ध्येय, बहुतेक वेळा फी, आणि काम झालं की रामराम.

आपल्या डोक्यातला कोच म्हणजे शिट्टी घेऊन मैदानाच्या कडेला ओरडणारा माणूस, त्यामुळे कोच म्हणजे सांगणारा हे आपण धरूनच चालतो. गंमत अशी की आजचं पर्सनल कोचिंग बऱ्याच अंशी अशा एका टेनिस कोचच्या विचारातून आलंय ज्यानं सूचना देणं कमी करून बघितलं. टिमथी गॉलवे त्यांचं नाव, 1974 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. रॅकेट अशी धर, खांदा वळव, गुडघा वाकव असं सांगत बसण्यापेक्षा ते खेळाडूला म्हणायचे, चेंडूचा टप्पा पडला की "बाउन्स" म्हण आणि रॅकेटला लागला की "हिट" म्हण, बस. लक्ष चेंडूवर गेलं की डोक्यात स्वतःला टोचत बसणारा आवाज गप्प होतो आणि शरीर आपोआप बरं खेळायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे जॉन व्हिटमोर यांनी, जे एकेकाळचे मोटार रेसर होते, हा विचार ऑफिसांच्या जगात नेला आणि त्यांच्या 1992 च्या पुस्तकामुळे ग्रो मॉडेल सगळीकडे पोचलं, म्हणजे आधी ध्येय, मग आत्ता परिस्थिती काय आहे, मग पर्याय कोणते, आणि शेवटी यातलं नक्की काय करणार. चार पायऱ्या पाठ व्हायला दहा मिनिटं पुरतात, अवघड असतं ते पुढे.

एक उदाहरण घेऊ. एकाला टीम लीडची पोस्ट देऊ केलीये, त्याला स्वतःचं टेक्निकल काम फार आवडतं, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि त्याचं काही ठरत नाहीये.

तो मेंटरकडे गेला तर मेंटर म्हणेल, "अरे मी पण घेतली होती ही पोस्ट. पहिले सहा महिने जाम जड गेले, हातातलं काम सुटतं आणि दिवसभर नुसत्या मीटिंगा. तू एक कर, आधी विचारून घे की स्वतःचं काम किती टक्के राहणार, आणि ते मेलवर घे." एकदम कामाचा सल्ला. हे ज्यानं भोगलंय त्यालाच सुचतं.

आता तोच माणूस कोचसमोर.

"शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणालात. आज इथून उठताना तुमच्या हातात काय असायला हवं?"

"हो की नाही, ते ठरायला हवं."

कोच गप्प. थोड्या वेळानं तोच पुन्हा बोलतो, "नाही म्हणजे... ठरलंय तसं. नाहीच म्हणायचंय. पण सरांना तोंडावर कसं सांगू?"

"ठरलंय, म्हणालात."

"हो... ठरलंय."

बघा, प्रश्नच बदलला. पोस्ट घ्यावी की नाही हा प्रश्न मुळात नव्हताच, नकार कसा द्यायचा हा होता, आणि मेंटरचा तो टक्केवारीचा सल्ला कितीही चांगला असला तरी तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर ठरला असता. कोचनं इथे केलं काय तर एक प्रश्न विचारला, गप्प बसला, आणि त्याचाच शब्द त्याला परत दिला. लिहायला सोपं आहे, पण समोरचा अडखळत असताना तोंड बंद ठेवणं ज्याला जमतं त्यालाच माहीत किती जिवावर येतं ते.

पण उलटंही होतं, आणि हे कोचिंगवाले फार सांगत नाहीत. समजा त्या माणसाला टीम लीडचं काम काय असतं याची कल्पनाच नाही. मग "तुम्हाला काय वाटतं, कसं असेल ते?" असं त्याला विचारत बसणं म्हणजे छळ आहे. ज्याच्याकडे माहितीच नाही त्याच्या आतून उत्तर येणार कुठून? "उत्तर तुमच्यातच आहे" हे वाक्य मला म्हणूनच सरसकट पटत नाही. माहिती कमी पडत असेल तर मेंटर गाठावा, माहिती भरपूर आहे पण पाऊल उचललं जात नाही तर कोच.

आता स्किल्सचं बोलू. कोच व्हायचं असेल तर सगळ्यात आधी सल्ला आवरायला शिकावं लागतं, आणि अनुभवी माणसाला हेच सगळ्यात जड जातं, कारण आयुष्यभर त्याला उत्तरं देण्याचाच पगार मिळालेला असतो. शिवाय सल्ला फार हुशारीनं वेष बदलून येतो. "तुम्ही एकदा मॅनेजरशी बोलून का बघत नाही?" याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे म्हणून तो प्रश्न होत नाही, तो सल्लाच आहे. खरा प्रश्न असा असतो की ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही माहीत नसतं, उदाहरणार्थ "आत्तापर्यंत काय काय करून बघितलंत?" दुसरं म्हणजे "का" जपून वापरायचा. "असं का केलंत?" म्हटलं की माणूस लगेच सफाई द्यायला लागतो, तेच "ते करताना डोक्यात काय चाललं होतं?" असं विचारलं तर तो आठवायला लागतो. एका वेळी एकच प्रश्न, हेही आलंच. तीन प्रश्न एका दमात विचारले की समोरचा त्यातला सगळ्यात सोपा उचलतो.

आणि शेवट बांधून घ्यायचा. "बघतो, करतो" वर सेशन सोडायचं नाही. काय करणार, कधी करणार, झालं की मला कसं कळवणार, हे त्याच्याच तोंडून आलं पाहिजे.

मेंटरचं कसब वेगळं. आपली गोष्ट सांगताना तेव्हाची परिस्थिती पण सांगायची, की मी रिस्क घेतली खरी पण तेव्हा माझ्यावर कर्ज नव्हतं, नाहीतर ऐकणारा ती गोष्ट नियम म्हणून घेऊन जातो. ओळखी करून द्यायच्या, जे कोच सहसा करत नाही. आणि आपला सल्ला ऐकला नाही म्हणून रुसायचं नाही, हे तर फारच महत्त्वाचं.

ट्रेनिंगच्या बाबतीत बघाल तर बऱ्याच देशांत स्वतःला कोच म्हणवून घ्यायला कसलंही लायसन्स लागत नाही, म्हणून तर इतके कोच दिसतात. त्यातल्या त्यात मानली जाते ती 1995 साली सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ. त्यांच्या कोचिंग प्रमाणपत्रांची पहिली पायरी एसीसी, तिला किमान 60 तासांचं शिक्षण आणि प्रत्यक्ष कोचिंगचे 100 तास लागतात. त्यापुढच्या पीसीसीला 125 आणि 500, आणि सगळ्यात वरच्या एमसीसीला 200 आणि 2500. आकडे नीट बघा, शिक्षणाचे तास चौपटसुद्धा होत नाहीत आणि प्रत्यक्ष कामाचे पंचवीसपट होतात, यावरून हे काम कुठे शिकलं जातं ते कळतं. यात अजून गोंधळ घालायला 'मेंटर कोचिंग' नावाचं एक प्रकरण आहे, त्यात अनुभवी कोच तुमचं कोचिंग ऐकून तुमच्या स्किल्सवर फीडबॅक देतो. ते मेंटरिंगही नाही आणि नेहमीचं कोचिंगही नाही, नावाला भुलू नका.

समोरच्याची झोप उडालीये, जगण्यात अर्थ वाटत नाही असं तो बोलतोय, जुनी जखम पुन्हा पुन्हा वर येतेय, तर हे दोघांचंही काम नाही, सरळ मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवायचं.

मग एकाच माणसानं दोन्ही करू नये का? करावं की, फक्त टोपी बदलताना सांगून बदलावी. "इथे कोच म्हणून नाही, माझा स्वतःचा अनुभव म्हणून एक सांगू का?" असं विचारायचं, तो हो म्हणाला तर दोन-तीन वाक्यांत सांगायचं आणि लगेच "यातलं तुम्हाला काय लागू पडतं, काय नाही?" असं विचारून चेंडू परत त्याच्याकडे द्यायचा. न सांगता टोपी बदलली की समोरच्याला कळत नाही की आता विचार करायचाय की ऐकायचंय, आणि माणूस सहसा ऐकणंच निवडतो, सोपं असतं ना ते.

सराव करायचा तर समोरच्याची परवानगी घेऊन एक सेशन रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं फक्त स्वतःचं बोलणं कागदावर उतरवा. कंटाळवाणं काम आहे पण कराच. मग प्रत्येक वाक्यापुढे लिहा: खरा प्रश्न, त्याचंच म्हणणं परत सांगितलं, सल्ला, किंवा प्रश्नाच्या वेषातला सल्ला. हा शेवटचा प्रकार सुरुवातीला स्वतःचा स्वतःला सापडत नाही, म्हणून तोच कागद दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या.