खाजगी गाडीवरची 'पोलीस' पाटी आणि कायद्यातील सवलत

व्हेरायटी चौकात लाल दिवा लागलेला असताना नंबरप्लेटच्या वर 'पोलीस' असे लाल-निळ्या रंगात लिहिलेली एखादी दुचाकी, चालकाच्या डोक्यावर हेल्मेट नसताना, सरळ निघून जाते, तेव्हा शेजारी थांबलेला माणूस "त्यांना माफ असते" असे म्हणून मोकळा होतो. हा समज नागपुरात वर्षानुवर्षे रूढ असला, तरी कायद्यात त्याला आधार नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 129 मध्ये हेल्मेटमधून सूट आहे ती पगडीधारी शीख व्यक्तींना. पोलिसांचा तेथे उल्लेखही नाही. सिग्नल ओलांडण्याची मुभा रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलीस यांच्या वाहनांना मिळते, पण ती आपत्कालीन कामावर असताना, सायरन व दिवा सुरू ठेवून आणि इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेऊनच. घरची भाजी आणायला किंवा मुलांना शिकवणीला सोडायला निघालेल्या खाजगी दुचाकीला ती लागू होण्याचा प्रश्नच येत नाही, मग चालक गणवेशात असो वा नसो. विम्याचेही तसेच: कलम 146 मधील सूट सरकारी मालकीच्या वाहनांपुरती आहे.

उलट, 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 210-ब असे सांगते की, या कायद्याची अंमलबजावणी करण्याचे अधिकार ज्याच्याकडे आहेत त्यानेच नियम मोडला, तर त्याला दुप्पट दंड होतो. अर्थात, पावती फाडणारा आणि नियम मोडणारा एकाच खात्यातले असल्याने हे कलम कागदावरच राहण्याची शक्यता अधिक, हे वेगळे सांगायला नको.