स्यूडोडॉक्सी : पढिकांनी जपलेले गैरसमज

'स्यूडोडॉक्सी' हा ग्रीक मुळाचा शब्द इंग्रजीत आता कुणी फारसा वापरत नाही. अर्थ सरळ आहे : खोटं मत, चुकीची समजूत. तो थोडाफार टिकला तो इंग्लंडातल्या नॉर्विचच्या थॉमस ब्राउन या डॉक्टरमुळे. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने १६०५ मध्ये रूढ चुकांची यादी करायला हवी असं लिहिलं होतं. ब्राउनने १६४६ मध्ये 'स्यूडोडॉक्सिया एपिडेमिका' हा जाडजूड ग्रंथच काढला.

लोक त्याला 'व्हल्गर एरर्स' म्हणू लागले. व्हल्गर म्हणजे तेव्हा सर्वसामान्यांचं. नाव तसं फसवंच, कारण यातल्या कितीतरी समजुती रोमन लेखक प्लिनीसारख्या जुन्या ग्रंथकारांकडून आलेल्या, म्हणजे वाचणाऱ्यांनीच जपलेल्या. स्फटिक म्हणजे घट्ट गोठलेला बर्फ. बोकडाच्या रक्ताने हिरा मऊ होतो. हत्तीच्या पायांना सांधेच नसतात, म्हणून तो झाडाला टेकून उभ्यानेच झोपतो! आपल्याकडच्या माहुताला हे ऐकून हसू आवरलं नसतं. ब्राउनने मात्र शांतपणे लिहिलं, की इंग्लंडात दाखवायला आणलेला हत्ती गुडघे टेकताना आणि आडवा होताना लोकांनी पाहिला आहे.

त्याची खरी गंमत प्रयोगांत आहे. लसणाने लोहचुंबकाची शक्ती जाते म्हणतात? त्याने लोखंडी तार लाल तापवून लसणाच्या रसात बुडवली. तरी तिच्यात चुंबकत्व आलंच. मेलेला खंड्या चोचीने टांगला की त्याची छाती वाऱ्याची दिशा दाखवते म्हणतात? त्याने रेशमी धाग्याला खंड्ये टांगले. एकाची छाती इकडे, दुसऱ्याची तिकडे. 'इलेक्ट्रिसिटी' हा इंग्रजी शब्दही छापील स्वरूपात पहिल्यांदा याच ग्रंथात येतो.

चुका पसरतात कशाने, यावर त्याने पहिला अख्खा भाग खर्च केला. माणसाचा भाबडेपणा, आळस, पूर्वसूरींवरची आंधळी श्रद्धा ही कारणं आजही पटतात. पण शेवटचं कारण होतं सैतान, आणि ते त्याला अगदी मनापासून पटलेलं होतं. १६६२ मध्ये बरी सेंट एडमंड्सच्या कोर्टात लोस्टॉफ्टच्या दोन वृद्ध विधवांवर गावातल्या मुलींवर चेटूक केल्याचा खटला चालला. तिथे ब्राउनने मत दिलं, की मुलींना येणारे झटके नैसर्गिकच आहेत, पण सैतानाने चेटकिणींच्या संगनमताने ते वाढवले आहेत. दोघींना फाशी झाली. १६७२ च्या सहाव्या आवृत्तीतही सैतानावरची प्रकरणं कायम होती.