निगेटिव्ह रिपोर्टनंतरही मरतुक का होते?
आमच्याकडे नमुने तपासायला देणाऱ्या कोळंबी तळेधारकांसाठी

"बी (कोळंबीची पिल्ले) टाकलं तेव्हा रिपोर्ट निगेटिव्ह होता, मग पन्नासाव्या दिवशी माल मेला कसा?" पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याचे लाखो रुपये पाण्यात गेलेले असतात, म्हणून उत्तर नीट लिहून देत आहोत.

पांढरे ठिपके रोगाचा व्हायरस अंगात शिरला की कोळंबी लगेच मरते असे नाही. तो थोडा असेल तर ती खाते, वाढते, चेक ट्रे (खाद्य संपते का ते पाहायचा ट्रे) वेळेत रिकामा होतो. पुढचे सगळे ठरते ते त्याच्या संख्येवर. रिपोर्टमधला सीटी हा आकडा तीच संख्या सांगतो, पण उलट्या बाजूने: सीटी कमी तितका व्हायरस जास्त. सीटी एकाने उतरला की व्हायरस साधारण दुप्पट झालेला असतो. म्हणजे 34 चा 27 झाला तर कागदावर फरक सातचा, तळ्यात मात्र सव्वाशे पटींचा. "थोडाच तर खाली आला" असे कृपया समजू नका.

आणि निगेटिव्ह म्हणजे त्या नमुन्यात व्हायरस सापडला नाही, एवढेच. 150 पिल्ले तपासली तर शंभरात दोघांना असलेला संसर्ग सापडण्याची खात्री 95 टक्के असते. दहा-वीस पिल्ले पाठवलीत तर ती कितीतरी कमी होते.

व्हायरसची संख्या वाढवतो तो ताण. कोळंबीच्या अंगात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तिची मुख्य भिस्त रक्तातल्या पेशींवर. ऑक्सिजन कमी पडला, अमोनिया साचला, खारेपणा एकदम बदलला की या पेशी घटतात आणि दबून राहिलेला व्हायरस मोकळा सुटतो. टायगर कोळंबीच्या काही माद्या अंडी घालण्यापूर्वी निगेटिव्ह आणि घातल्यावर पॉझिटिव्ह आल्याचे आढळले आहे. मधल्या काळात हा बदल झाला तो अंडी घालण्याच्या ताणाने. म्हणून बी घेताना हॅचरीला (पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राला) विचारा, मादीची तपासणी अंडी घातल्यानंतर केली होती का?

कोकणात खरी कसोटी जूनच्या पहिल्या जोरदार पावसात लागते. 32-33 अंशांच्या पाण्यात हा व्हायरस फारसा वाढत नाही, त्यामुळे कडक उन्हाळ्यात तो दबून राहू शकतो. पाऊस पडून पाणी थंडावले की ती आडकाठी निघून जाते. त्याच रात्री पावसाचे गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते, खारे खाली कोंडले जाते आणि तळाशी, जिथे कोळंबी बसते, तिथला ऑक्सिजन संपत जातो. ढगाळ दिवसात शेवाळही पुरेसा ऑक्सिजन देत नाही. खारेपणा घटल्याने बरीच कोळंबी एकदम कात टाकते, मऊ पडते, आणि धडधाकट कोळंबी मेलेल्यांना खाते. एका कोळंबीतला व्हायरस असा तळेभर होतो.

म्हणून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) पाऊस सुरू होण्याआधी लावा, पहाटे मरगळ दिसल्यावर नव्हे. वरचे गोडे पाणी उघाडीच्या (तळ्याचे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून बाहेर सोडा. त्या दोन-तीन दिवसांत खाद्य कमी करा, जाळे टाकू नका, खाडीचे पाणी आत घेऊ नका. पहाटे चार-पाच वाजता तळाजवळचा ऑक्सिजन मोजा. तो लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. दुपारचा आकडा चांगला दिसतो, पण कोळंबीला रात्र काढायची असते.

या रोगावर औषध नाही. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, आणि बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो. तो पैसा एरेटरच्या डिझेलवर खर्च करा, हे आम्ही मनापासून सांगतो.

व्हॅनामेई जातीच्या कोळंबीची व्यापारी शेती भारतात 2009 मध्ये सुरू झाली ती एसपीएफ बियावर. काही ठरावीक रोगजंतू नसलेले बी, एवढाच त्याचा अर्थ. त्या बियाला व्हायरस बाधतच नाही, हा समज चुकीचा आहे. खाडीतले खेकडे आणि रानटी कोळंबी व्हायरस बाळगून असतात, तेव्हा पाणी गाळूनच घ्या आणि बांधाभोवती खेकड्यांसाठी जाळी लावा.

नमुना देताना काठाशी येऊन रेंगाळणारी कोळंबी आधी उचला. तिचे कल्ले किंवा पोहण्याचे पाय 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून पाठवा. फॉर्मलिनमध्ये ठेवलेला नमुना या तपासणीला चालत नाही. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर तीन-चार दिवसांनी पुन्हा नमुना दिलात तर आकडा कुठे निघाला आहे ते कळते. एकट्या आकड्यावरून ते सांगता येत नाही.

सीटी झपाट्याने उतरत असेल आणि माल विकण्याजोगा असेल, तर काढणी करा. हा व्हायरस माणसाला होत नाही. रोगट तळ्याचे पाणी मात्र ब्लीचिंग करून, क्लोरीन उतरेपर्यंत थांबल्याशिवाय सोडू नका; शेजाऱ्याची उघाडी त्याच खाडीवर आहे.