इचार, विचार आणि विचारांकडे पाहणं : विदर्भातली पार्श्वभूमी

वऱ्हाडात कोणी ओट्यावर गप्प बसलेला दिसला की जाणारा-येणारा पुसतोच, "काऊन बापा, काय इचार करून रायला?" यातला इचार म्हणजे सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, नाहीतर कपाशीवरची बोंडअळी. "त्याले इचार लागला" हे तर जवळजवळ निदानच. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो : "जास्त इचार नोको करू." बुद्धी चालवायची असेल तेव्हा माणूस "डोकं लावतो", इचार करत नाही. गेल्या वीसेक वर्षांत पत्रकं, शिबिरं आणि शाळेचा परिपाठ यांतून "स्वतःच्या विचारांकडे बघा, त्यातून वाढ होते" ही शिकवण गावात आली आणि पहिली ठेच या एका शब्दाला लागली. ज्याला आधीच इचार लागलाय त्याला त्याच इचाराकडे आणखी टक लावून बघायला सांगणं, असाच त्याचा अर्थ ऐकू गेला.

जुनं फार उकरत बसत नाही. रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेत तेराव्या शतकापासून नामस्मरण आहे. मनाला उद्देशून रचलेले २०५ श्लोक पाठ असलेले म्हातारे आजही गावोगाव भेटतात. मनाशी बोलायचं तर मनापासून हातभर दूर उभं राहावं लागतं, एवढी समज त्या संबोधनातच आहे. पण हेतू मनाला वळण लावण्याचा होता. ते काय करतंय हे नुसतं बघत बसण्याचा नव्हता. लोकरीत तर त्याच्याही पलीकडची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत मारबतीच्या पुतळ्यासोबत जे नको ते शिवेबाहेर नेऊन टाकायचं. त्रासाशेजारी शांत बसून राहायचं, ही कल्पना या मुलखाला तशी परकीच म्हणायची.

मोझरीच्या खंजिरीवाल्या राष्ट्रसंतांनी, तुकडोजी महाराजांनी, पहाटेचं ध्यान आणि संध्याकाळची प्रार्थना या दोन्ही गोष्टी सामुदायिक केल्या. एकट्याने खोलीत बसून स्वतःचा विकास साधावा, असा विचार त्या मांडणीत नाही. माणूस सुधारायचा तो गावासकट, हातात झाडू घेऊन. त्यामुळे "वैयक्तिक विकास" हा शब्द अमरावतीकडच्या जुन्या सेवकांच्या तोंडी अजूनही नीट बसत नाही.

खरा गुंता सुरू होतो तो १९५६ नंतर. १४ ऑक्टोबरला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या हजारो घरांत अष्टांगिक मार्ग पोचला आणि त्यातलं सातवं अंग "सम्यक स्मृती" म्हणून पाठ झालं. मूळ पाली शब्द "सति". मराठी कानाला तो ऐकवत नाही, कारण "सती" म्हटलं की चिताच आठवते. म्हणून संस्कृत "स्मृती" घेतला, तर त्याचा मराठीत अर्थ आठवण. वर्तमानात काय चाललंय याचं भान, या गोष्टीला आपण भूतकाळाचा शब्द चिकटवला. इंग्रजांनी १८८१ मध्ये त्याच "सति"साठी "माइंडफुलनेस" वापरला. तो शब्द अमेरिकेतल्या रुग्णालयात १९७९ मध्ये सुरू झालेल्या आठ आठवड्यांच्या ताणनियंत्रण वर्गातून जगभर फिरला आणि आपल्याकडे "सजगता" होऊन परतला. तोवर तो बुद्धाचा आहे हे पत्रक छापणाऱ्यालाही ठाऊक नसावं. सम्यक स्मृती पाठ असलेल्या घरातली पोरगी आरोग्य केंद्रात सजगतेचं पत्रक वाचते आणि दोन्ही एकच आहेत हे तिला कोणी सांगत नाही.

तिसरा शब्द "वेदना". ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये आलेल्या आचार्यांनी दहा दिवसांची विपश्यना शिबिरं सुरू केली. १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं, पुढे नागपूरजवळही झालं. पालीत वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कोणतीही जाणीव; मराठीत मात्र फक्त दुखणं. शिबिरात म्हणून "संवेदना" म्हणतात. आणखी एक गोष्ट शिबिराला न गेलेल्यांच्या लक्षात येत नाही : तिथे विचार बघायला बसवत नाहीत. पहिले तीन दिवस नाकपुडीजवळचा श्वास, मग अंगभर संवेदना. विचार आला तर आला, परत श्वासावर यायचं. विचारांच्या साक्षीभावाची जाहिरात करणारे बरेच वक्ते याच परंपरेचा हवाला देतात, ही गंमतच.

या पद्धतीवरचा आक्षेप विदर्भातून, आंबेडकरी चळवळीच्या आतूनच आला. दीक्षा देणाऱ्या बाबासाहेबांच्या धम्ममांडणीत भर नैतिक आणि सामाजिक वर्तनावर आहे, ध्यानाला तिथे जागा फार थोडी. मग अन्यायाकडे पाठ करून डोळे मिटायचे का, असा सवाल कार्यकर्ते आजही विचारतात. दुसरी बाजू म्हणते, आतला द्वेष ओळखता आला नाही तर बाहेरची लढाईही नासते. माझा कल पहिल्यांकडे थोडा जास्त आहे, लपवत नाही. पण दहा दिवस मौनात राहून आलेल्या, दारू सुटलेल्या माणसांशी बोलल्यावर तो कल ढिला पडतो.

पश्चिमेकडचा धागा दोन-तीन वाक्यांत आटपतो. १८७९ मध्ये लाइपझिगच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या मनाच्या निरीक्षणाला शास्त्राचा दर्जा मिळाला आणि १९१३ नंतर वर्तनवाद्यांनी तो काढून घेतला. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियातल्या एका मनोविकारतज्ज्ञाने उदास रुग्णांच्या मनात आपोआप उमटणारे विचार पकडून ते पुराव्यावर तपासायला सुरुवात केली. त्याच घराण्यातली न्यूयॉर्कची एक पद्धत मराठीत "विवेकनिष्ठ" नावाने रुजली.

इथे एक फरक नोंदवायलाच हवा. विवेकनिष्ठ पद्धत विचाराशी भांडते : हे खरं कशावरून? ध्यानाची पद्धत भांडत नाही, येऊ देते, जाऊ देते. एक उलटतपासणी, दुसरं पारावर बसून रस्ता बघणं. गावातल्या एकदिवसीय प्रशिक्षणात मात्र दुपारच्या जेवणाआधी एक आणि जेवणानंतर दुसरी, अशा दोन्ही एकाच नावाखाली उरकतात. ऐकणारा घरी जातो तो "सकारात्मक राहा" एवढंच घेऊन, जे या दोन्हींत कुठेच सांगितलेलं नाही.

आजची बरीचशी चर्चा २००६ नंतरची आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर त्या वर्षी जुलैत पंतप्रधान विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. मनाचा मुद्दा ठळक झाला तो नंतर. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत २०११ नंतर एक कार्यक्रम झाला, ज्यात गावातलीच प्रशिक्षित माणसं घरोघर जाऊन बोलत होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. दरम्यान २०१५ पासून राज्य सरकारनेही विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत शेतकरी समुपदेशन सुरू केलं आणि नैराश्य ओळखायची प्रश्नावली आशाताईंच्या हातात आली.

तेव्हाच "भाव द्या, समुपदेशन नको" अशी ओरड झाली आणि ती रास्त होती. कापसाचा भाव पडलेल्या माणसाला श्वास मोजायला सांगणं म्हणजे दुष्काळ त्याच्याच डोक्यात आहे असं सांगण्यासारखं. पण त्या ओरडीत एक गोष्ट दबून गेली. अशा तपासणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांतला शेवटचा, मरून गेलेलं बरं असं वाटतं का, हा प्रश्न विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही; उलट मनात दडलेलं बोलायला वाट मिळते. २०२२ पासून मानसिक मदतीसाठी १४४१६ हा चोवीस तासांचा फुकट फोन क्रमांक आहे, तिथेही सुरुवात विचारण्यानेच होते.

शाळांत आलं ते आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देत बसणं. त्याच्या फायद्यांबद्दल मोठे दावे ऐकू येतात. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शाळेतल्या सजगतेच्या वर्गांचा नेहमीच्या अध्यापनापेक्षा वेगळा लाभ त्यात दिसला नाही. आपल्या परिपाठातली पाच मिनिटं वाईट आहेत असं नाही, पोरं निदान तेवढा वेळ शांत बसतात.

"सजगता" हा शब्द कोणी घरात वापरताना मी ऐकलेला नाही. यवतमाळकडच्या एका आशाताईने तो केव्हाच सोडून दिलाय. ती दारात टेकते, पाणी मागते आणि पुसते, "दादा, दिवसभऱ्यात कोणता इचार घडीघडी येते?" समोरचा थोडा थांबतो. मग सांगायला लागतो. एकदा एक जण म्हणाला, "थांब, आता आला पाह्य."